हात उचलून दाखवायचे

आई-बाबा नालवाडीच्या घरात राहायला आले, तेव्हा शेजारच्या काकूंचा असा समज झाला की बाबा गाडीची पूजा करतात. समज व्हावा असंच ते दृश्य होतं. गाडी फाटकाबाहेर काढायच्या आधी बाबा तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. चारही चाकांना तळहात लावायचे, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहायचे, मग गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली बघायचे. हे सगळं करताना तोंडाने काहीतरी पुटपुटत असायचे. एका दसऱ्याला काकू स्वतः येऊन गाडीला हळदकुंकू लावून गेल्या आणि जाता जाता त्यांनी विचारलं, तुमचा मंत्र कोणता? बाबा म्हणाले, "टायर, ब्रेक, तेल, पाणी." काकूंना वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे.

थट्टा नव्हती. बाबा हवाई दलात वैमानिक होते आणि विमानाभोवती अशी फेरी मारल्याशिवाय ते आयुष्यात कधी विमानात चढले नाहीत. निवृत्तीनंतर विमान राहिलं नाही, फेरी राहिली. आधी स्कूटरभोवती, मग गाडीभोवती. एकदा तर मी त्यांना माझ्या लग्नाच्या दिवशी मंडपाभोवती फेरी मारताना, एकेक बांबू हलवून बघताना पाहिलं. मुलाकडच्या मंडळींना वाटलं, व्याह्यांना भीती वाटते आहे. बाबा फक्त तपासत होते.

वैमानिक म्हटलं की लोकांचे डोळे चमकायचे आणि मालवाहू विमानाचा वैमानिक म्हटलं की तेच डोळे विझायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं. मला होतं. मी लहानपणापासून भांडकुदळ. बाबांच्या बाबतीत तर जास्तच. शाळेत एका मुलीने विचारलं होतं की म्हणजे तुझे वडील हवेतला ट्रक चालवतात का. मी तिला सांगितलं, हो, आणि तो ट्रक आला नाही तर बर्फात बसलेल्या माणसांना पोळी मिळत नाही. बाई वर्गात आल्या म्हणून पुढचं टळलं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ट्रकच आहे की, त्यात वाईट काय.

त्यांचं काम खरोखर तेच होतं. उंच डोंगरांतल्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, औषधं आणि टपाल टाकायचं. दोन कड्यांमधल्या फटीतून विमान न्यायचं, खालच्या इवल्याशा मोकळ्या जागेवर पोती सोडायची आणि समोरचा डोंगर यायच्या आत वळायचं. देवळी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस, ज्याने अठरा वर्षांचा होईपर्यंत पुलगावच्या पुलाहून उंच काही पाहिलं नव्हतं, तो हे वीस-बावीस वर्षं करत होता. आणि एवढं करून बोली मात्र वर्धेचीच ठेवली होती. मोठ्या साहेबांशी इंग्रजी, जवानांशी हिंदी आणि घरी पाय ठेवला की "पाणी देजो वं."

घरात बाबांनी हवाई दलाचे फार नियम आणले नाहीत. एकच आणला, पण तो पक्का आणला.

त्यांच्या विमानात दोन वैमानिक असत आणि दोघांसमोर विमान वळवायची सारखीच दांडी. त्यामुळे विमान नेमकं कोण चालवतं आहे, यात एका क्षणाचाही घोळ चालत नाही. दोघांनी धरलं तर ओढाताण, दोघांनी सोडलं तर विमान अनाथ. म्हणून ज्याला घ्यायचं आहे तो मोठ्याने म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." ज्याच्याकडे आहे तो दोन्ही हात उचलून, समोरच्याला तळवे दिसतील असे कानापर्यंत नेतो आणि म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." झालं. हिसकावायचं नाही आणि मागितल्यावर अडून बसायचं नाही. हात उचलून दाखवायचे.

हा नियम आमच्या घरी आधी माझ्या धाकट्या भावाला लागू झाला. तो तान्हा असताना आई त्याला माझ्या मांडीवर द्यायची, तेव्हा मी "आय हॅव कंट्रोल" म्हटल्याशिवाय ती हात सोडायची नाही. मग तो गॅसवरच्या दुधाला लागू झाला. आई सातवी शिकलेली, पण हे शब्द तिच्या तोंडी असे बसले होते की नाचणगावची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा ती चक्रावलीच. "आय हॅव कंट्रोल" म्हणत मी गॅसकडे पळाले आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "दूध, यू हॅव कंट्रोल." मावशी म्हणाली, "काऊन वं, तुमच्या घरी दुधालेही इंग्रजी लागते?" पण पंधरा दिवसांनी परत जाताना मावशीची पिशवी मी उचलली तेव्हा तिने दोन्ही हात कानापर्यंत नेऊन दाखवले. आमच्या घरी दूध कधी उतू गेलं नाही, हे मी अजूनही अभिमानाने सांगते.

एवढा दक्ष माणूस, पण आईच्या वाट्याला फार कमी आला. माझा जन्म झाला तेव्हा बाबा कुठेतरी ढगांमुळे अडकून पडले होते; त्यांना बातमी मिळाली तेव्हा माझं बारसं होऊन गेलं होतं. भावाला टायफॉइड झाला तेव्हा आई एकटी. तिचे वडील गेले तेव्हा ती दोन लहान मुलांना घेऊन, तीन गाड्या बदलून माहेरी, नाचणगावला पोचली, तर सगळं उरकलेलं होतं. आई कुरकुर करणारी नव्हती. एकदाच म्हणाली, "तुमचं विमान सगळ्यायच्या दारी जाते, माह्या दारी येत नाई."  निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक पुण्याला, नागपूरला घरं बांधत असताना त्यांनी वर्धेत, नालवाडीला चार खोल्या बांधल्या. कारण आईला बहिणीजवळ राहायचं होतं. आणि घराच्या वास्तुशांतीला, सगळ्या पाहुण्यांसमोर, ते आईला म्हणाले, "आता तुले जिथं जाचं असन तिथं मी नेईन. मी जिवंत आहो तोवर तुले कोणाची वाट पाहा लागणार नाई."

तो शब्द त्यांनी तीसेक वर्षं पाळला. दर गुरुवारी नाचणगाव. गुरुवारच का, ते आता कोणालाच आठवत नाही. सकाळी दहाला आई ठेवणीतलं लुगडं नेसून, पर्स मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची. बाबा गाडीला फेरी मारायचे. मग दोघं गाडीत बसले की आई यादी म्हणायची आणि बाबा एकेक उत्तर द्यायचे. चष्मा? आहे. पाणी? आहे. मागचं दार? लागलं. गॅस? बंद. पूर्वी ही यादी आई एका कार्डावरून वाचायची. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेल्यावर ती पाठ म्हणू लागली आणि मधेच आपल्या पदरचं घुसडू लागली. देवाला नमस्कार? बाबा कधी खोटं बोलायचे नाहीत. म्हणायचे, "तू केला ना? एकानं पुरे."

गाडीची एक वहीही होती. तारीख, कुठून, कुठे, किती वेळ, चालक कोण आणि शेवटी शेरा. चालकाच्या रकान्यात बाबा 'स्वतः' असं लिहायचे. शेऱ्यांत एकदा लिहिलं होतं, "मेव्हणीने पाटोडी केली. परतीच्या प्रवासात चालकाचं वजन जास्त." दुसऱ्या एका गुरुवारी, "सौ. वाटेत गाणं म्हणाल्या. हवा स्वच्छ." ही वही आता माझ्या टेबलावर आहे. कधीही उघडली तरी हसू येतं, आणि मग नको वाटतं.

माझे यजमान गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडून आई-बाबांकडे राहायला आले. तेव्हा बाबा त्र्याऐंशी वर्षांचे होते. पहिल्या दोन-तीन गुरुवारी मी मागे बसून गेले. बाबा चाळीसच्या वर जात नसत, पण चाळीसवरही त्यांना समोरचं उशिरा दिसत होतं. देवळीच्या अलीकडे एक सायकलवाला अगदी जवळ येईपर्यंत त्यांच्या लक्षातच आला नाही. फाटकातून निघताना आरसा खांबाला घासला. हे मी शोधून काढलं असं म्हणावं तर तेही नाही. वहीत त्यांनीच लिहून ठेवलं होतं: "डावा आरसा खांबाला घासला. चूक चालकाची." आणि त्याच्या वर, मी यायच्याही आधीचं: "सायकलस्वार उशिरा दिसला. चूक चालकाची." स्वतःच्या विरुद्ध इतकं स्वच्छ लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण लिहिणारा हा माणूस पुढच्या गुरुवारी पुन्हा स्टिअरिंगवर बसतच होता, कारण आईला दिलेला शब्द होता.

भावाला फोन केला. तो बंगळुरूला असतो आणि लांब असलेल्या माणसाकडे सगळ्या प्रश्नांची सोपी उत्तरं असतात. तो म्हणाला, चाबी लपव. मी ती ज्वारीच्या डब्यात लपवली.

गुरुवारी आई दहाला व्हरांड्यात येऊन बसली. बाबांनी गाडीला फेरी मारली आणि आत येऊन चाबी शोधू लागले. खुंटी, टेबल, पँटचे खिसे, पुन्हा खुंटी. मी वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वाचायचं नाटक करत होते. बाहेरून आईने दोनदा विचारलं, निघायचं ना? अर्धा तास असा गेला. शेवटी बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागाचं मला कळतं.

"तुले गाडी चालवाची होती तं मागाची होती," ते म्हणाले. "लपवली काऊन?"

मी डब्यातून चाबी काढून दिली. त्या दिवशी कोणीच नाचणगावला गेलं नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी भाजी निवडत असताना, शेजारी येऊन बसले आणि त्यांनी मला आयुष्यात कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

एका सकाळी पोती टाकून ते परतत होते. त्यांच्या प्राणवायूच्या नळीचा सांधा ढिला झाला होता आणि हे त्यांना माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाला काही होतंय असं वाटत नाही, उलट फार छान वाटतं. बाबा चक्क गाणं गुणगुणत होते. विमान हळूहळू डाव्या कड्याकडे सरकत होतं. उजवीकडे बसलेला तरुण अधिकारी, नोकरीला वर्षही न झालेला, म्हणाला, "सर, आय हॅव कंट्रोल." बाबांना संताप आला. कालचा पोरगा मला सांगतो? पण हात आपोआप वर गेले. इतक्या वर्षांची सवय होती म्हणून गेले. खाली आल्यावर कळलं की विमानातली पाच-सहा माणसं केवळ त्या सवयीमुळे परतली होती.

"त्यानं हिसकावलं असतं तं मी भांडलो असतो," बाबा म्हणाले. "अन् डोंगर काही आपलं भांडण संपेलोक थांबत नाई."

एवढं बोलून ते मेथीच्या दोन काड्या निवडून उठून गेले. मला सगळं समजलं होतं. मागितलं की ते देतील. एका वाक्याचं काम होतं. आणि ते वाक्य मला बोलता येईना. दर बुधवारी मी ठरवायचे, उद्या सकाळी मागायचं. आणि गुरुवारी दहा वाजता आई पर्स घेऊन बसलेली, बाबा चाकांना हात लावत असलेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपण आपलं काम करतो आहोत याचं समाधान. तोंडापर्यंत आलेलं मी गिळायचे. सगळ्या जगाशी भांडणारी मी इथे भित्री निघाले. फक्त मागच्या सीटवरून पुढच्या डाव्या सीटवर आले, म्हणजे निदान माझे डोळे रस्त्यावर राहतील. आई मागे बसू लागली.

आणि मग तो गुरुवार आला. दिवाळी नुकतीच झाली होती. देवळी मागे पडली, पुलगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून पांढरी झालेली. आई मागे मावशीकडच्या कुठल्याशा लग्नाचं सांगत होती. उजवीकडच्या पांदणीच्या कच्च्या वाटेने एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यावर आला. मला तो दिसला. बाबांना दिसला नाही, किंवा दिसला आणि मनापर्यंत पोचला नाही. गाडी चाळीसने सरळ त्याच्याकडे. "बाबा, ब्रेक" म्हणायला हवं होतं. शंभरातली नव्याण्णव माणसं तेच म्हणतील. इतके महिने घशात अडकलेलं वाक्य होतं, ते नेमकं तेव्हा बाहेर पडलं. मी ओरडले, "आय हॅव कंट्रोल!"

आणि बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. कानापर्यंत नेले, तळवे मला दाखवले, दोन्ही पाय मागे घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "यू हॅव कंट्रोल."

मी डाव्या सीटवर. माझ्यासमोर स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, फक्त कागदपत्रं ठेवायचा खण आणि त्यावर चिकटवलेला गणपती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी आडवी होऊन स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं, दुसऱ्या हाताने हँडब्रेक. गाडी रस्ता सोडून, धुऱ्याच्या बांधावरून उडी घेऊन पऱ्हाटीत घुसली, थोडी धावली, गचके खाऊन बंद पडली. समोरच्या काचेवर कापसाची बोंडं टेकली होती. कोणाला काही झालं नव्हतं. बाबांचे हात अजून वरच होते.

मागून आईने विचारलं, "आलं काय वं नाचणगाव?"

मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. ट्रॅक्टरवाला धावत आला. वावराचा मालकही आला. त्याने आधी आईला पाण्याचा तांब्या दिला, मग मोडलेल्या पऱ्हाटीकडे बघत विचारलं की गाडी कोण चालवून राह्यलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उतरले.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "दोघं होतो, पण चालवून कोणीच नाई राह्यलं होतं."

त्या माणसाला काय समजायचं ते समजलं असेल. त्याने चार माणसं बोलावून गाडी ढकलून रस्त्यावर काढून दिली. आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो. मी म्हटलं, चूक माझी, मी असं ओरडायला नको होतं.  बाबा सांगू लागले की विमानात कॅप्टन डावीकडे बसतो. नवशिक्या असताना ते उजवीकडे बसायचे आणि डावीकडून साहेबांचा आवाज आला की हात वर. साठ वर्षांपूर्वी शिकलेलं शरीर आज त्र्याऐंशीव्या वर्षी तेच करून बसलं. चूक त्यांचीही होती. देण्याआधी घेणारा कुठे बसला आहे, ते बघायला हवं होतं.

मग ते उठले. गाडीभोवती पूर्ण फेरी मारली. चारही चाकांना हात लावला, अडकलेली एक पऱ्हाटी ओढून काढली, गुडघ्यावर बसून खाली पाहिलं. आणि फेरी संपवून ते उजव्या दारापाशी थांबले नाहीत. पुढे जाऊन डाव्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि चाबी माझ्यापुढे धरली. "कॅप्टनची जागा तं हीच आहे," असं काहीसं म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून की स्वतःला, कोण जाणे. आईला त्यांनी मागे वळून सांगितलं की आता पोरगी चालवन. आई म्हणाली, "मंग यादी कोणाले म्हणू?"

त्या दिवसाची नोंद वहीत आहे. चालकाच्या रकान्यात बाबांनी पहिल्यांदा 'स्वतः' सोडून दुसरं काही लिहिलं: "कन्या." शेरा असा: "वाटेत एका वावरात अवतरण. इजा नाही. चूक दोघांची. हस्तांतरण पूर्ण." एकही खाडाखोड नव्हती. मला माझ्या वडिलांबद्दल जितका अभिमान त्या दिवशी वाटला, तितका त्यांच्या छातीवरची पदकं पाहून कधी वाटला नाही. आयुष्यभर जे हातात होतं ते सोडताना त्यांनी ना तोंड वाकडं केलं, ना त्याचा बोभाटा केला.

त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षं ते डावीकडे बसले. सहवैमानिक म्हणून ते असह्य होते. गिअर बदल, सायकल आहे, बकऱ्या आहेत, तुझा आरसा चुकला आहे, चाळीसच्या वर काऊन गेली. बकऱ्या पुष्कळदा नसायच्याच. त्या वावराजवळून जाताना मात्र ते गप्प व्हायचे आणि मालक दिसला तर काच खाली करून हात करायचे. तोही करायचा. एकदा त्याने आम्हाला थांबवून तुरीच्या शेंगा दिल्या.

बाबा गेले ते एका सोमवारी सकाळी, दवाखान्यात, मी खाली चहा आणायला गेले असताना. त्याला आता वर्ष होत आलं. पण मला लिहायचं आहे ते त्याच्या चार दिवस आधीच्या दुपारचं. गुरुवार होता, आणि आम्ही नाचणगावला गेलो नव्हतो.

बाबा दवाखान्यात होते आणि सकाळपासून अस्वस्थ होते. डॉक्टर येऊन गेले, दुखतं का विचारून गेले. दुखत नव्हतं. हात मात्र चादरीवर सारखे काहीतरी घट्ट धरल्यासारखे. आई पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. मी तिच्या बाजूला उभी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम, नीट आवाजात, विचारायला सुरुवात केली.

"आईची सकाळची गोळी?"

मी म्हटलं, जेवणाआधी, अर्धा तास.

"डोळ्याचे थेंब?"

दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ, मधे पाच मिनिटं थांबून.

पाय दुखले तर कोणतं तेल, आंघोळीच्या खोलीतला दांडा हलतो तो बसवला का, मावशीचा नंबर फोनमध्ये पहिला आहे का. मी एकेक उत्तर देत गेले. मधे ते दम घ्यायला थांबायचे आणि मग पुढचं विचारायचे. शेवटी म्हणाले, "गुरुवार?"

"नाचणगाव," मी म्हटलं. "दर गुरुवारी. चाळीसच्या वर नाई."

 मला वाटलं, संपलं, आता झोपतील. पण ते वाट बघत होते. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि मग थोडे चिडूनच म्हणाले,

"मंग मागत काऊन नाई?"

तेव्हा मला कळलं की ते कशाला थांबले आहेत. हिसकावायचं नाही, हा नियम होता, पण न मागता द्यायचंही नाही. ते वाक्य मी एकदा चुकीच्या जागी बसून ओरडले होते.  आईने चाचपून माझा हात धरला. तिचा हात हातात आला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, आय हॅव कंट्रोल."

बाबांनी लगेच हात उचलले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "कुठं बसली तू?"

मी उभी होते. दुसरं स्टूल ओढलं आणि आईला लागून बसले. "आईजवळ," मी म्हटलं. "हे पाहा. आईजवळ बसली."

त्यांनी पाहिलं. माझ्याकडे, आईकडे, आमच्या हातांकडे. समाधान झालं असावं. सलाईनची सुई असलेला डावा हात आधी हलला, मग उजवा. दोन्ही हात चादरीवरून उचलले, कानापर्यंत गेले नाहीत, छातीपर्यंतच गेले, पण तळवे माझ्याकडे होते. ओठ हलले. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण ते कोणते होते हे मला माहीत आहे.

आईला यातलं काही दिसत नव्हतं. ती माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाली, "उचलले काय वं हात त्यायनं?"

मी म्हटलं, "उचलले."